कोलांटीखालची जमीन

१४ ऑगस्ट २०१६ रोजी रिओच्या ऑलिंपिक स्पर्धेत व्हॉल्टच्या अंतिम फेरीत आगरतळ्याच्या दीपा कर्माकर हिला १५.०६६ गुण मिळाले आणि ती चौथी आली. कांस्यपदक पटकावणाऱ्या स्विस खेळाडूचे गुण १५.२१६ होते. अवघ्या पंधरा शतांश गुणांनी हुकलेल्या त्या पदकाबद्दल देशभर हळहळ व्यक्त झाली आणि तिच्याबरोबर एक कथाही घरोघर पोचली. जुन्या स्कूटरचे सुटे भाग वापरून तयार केलेल्या साधनावर आणि एकावर एक रचलेल्या गाद्यांवर या मुलीने आरंभीचा सराव केला, अशी ती कथा. शाळांच्या पारितोषिक वितरणापासून वर्तमानपत्रांच्या स्तंभांपर्यंत ती सर्वत्र सांगितली गेली, आणि तिचे तात्पर्यही ठरून गेले: जिद्द असली की साधनांवाचून अडत नाही.

हे तात्पर्य सोयीचे आहे, कारण ते ऐकणाऱ्याच्या खिशाला हात घालीत नाही. परंतु ते खरे आहे असे म्हणणे कठीण. ज्या प्रशिक्षकांनी स्कूटरचे भाग जमविले आणि गाद्या रचल्या, त्यांना साधनांचे महत्त्व इतरांपेक्षा अधिक कळत होते. म्हणून तर त्यांनी तो खटाटोप केला. शिवाय दीपा पुढे आली म्हणून तिच्या गाद्यांची गोष्ट जगाला कळली. तशाच किंवा त्याहून वाईट गाद्यांवर ज्यांचा घोटा मुरगळला, मनगट दुखावले, आणि ज्यांच्या पालकांनी ‘पुरे झाले आता हे’ म्हणून वर्ग बंद केला, त्या मुलांची नोंद कोणत्याही दफ्तरात नसते. यशस्वी माणसांवरून काढलेले निष्कर्ष अपयशी माणसांना विचारून तपासले जात नाहीत, ही व्यापारातही नेहमी आढळणारी चूक आहे.

प्रश्न साधा आहे. जे मूल धावत येते, हातांवर उलटते, हवेत फिरते आणि खाली येते, त्या मुलाच्या पायाखाली आणि पाठीखाली काय असावे? जिम्नॅस्टिक्सचा वर्ग सुरू करणाऱ्या प्रत्येक शाळेला, मंडळाला आणि नगरपालिकेला या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. ते व्यायामशाळेत ठरण्याऐवजी बहुधा दुकानात ठरते, आणि तेही गादीचा रंग, जाडी आणि दर एवढ्या तीनच गोष्टी पाहून.

महाराष्ट्राला हा प्रश्न खरे तर नवा असू नये. तालमीतला हौदा म्हणजे नुसती माती नव्हे. तांबडी माती चाळून घ्यायची, तीत तेल, ताक, हळद घालायची, आणि कुस्तीला उतरण्यापूर्वी ती रोज खणून मोकळी करायची, असा त्यामागचा परिपाठ असे. हौदा खणणे हाच नवशिक्याचा पहिला व्यायाम असे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला नावारूपाला आणले, त्याच्या खांबाभोवतीची जमीनही अशीच राखली जाई. जमीन कडक झाली आहे हे वस्तादाच्या पायाला चालता चालता कळे, आणि ती मऊ करणे हे कोणाचे काम आहे याविषयी वाद नसे. जमिनीप्रमाणे खेळ बदलतो, याचाही अनुभव या मातीने घेतलेला आहे. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा मातीत तयार झालेल्या या मल्लाला गादीवरची कुस्ती परकी होती. तेथे ते सहावे आले, आणि चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळविले.

मातीच्या जागी गादी आली ती योग्यच झाले. परंतु मातीबरोबर तिची देखभाल करणाराही गेला. गादीच्या आतला फोम बसला, फुटला, भुगा झाला, तरी वरचे निळे रेक्झिन तसेच चकचकीत राहते. साठा-नोंदवहीत ती गादी ‘सुस्थितीत’ असते. वर्षअखेरीस तपासणीला आलेला अधिकारी गाद्या मोजतो; त्यांच्यावर कोणी गुडघा टेकून पाहत नाही.

वास्तविक गुडघा टेकून पाहणे हीच पहिली परीक्षा. मोठ्या माणसाने एका गुडघ्यावर सगळा भार टाकला आणि खालची फरशी हाडाला जाणवली, तर त्या गादीचा ‘तळ लागतो’ असे समजावे. अशी गादी कितीही जाड दिसली तरी कोलांटीच्या कामाची नाही. हे असे का, ते समजण्यासाठी शाळेत शिकविले जाणारे भौतिकशास्त्र पुरेसे आहे. एक मीटर उंचीवरून खाली येणारे शरीर जमिनीला टेकताना ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगात असते. हा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळते यावर सगळे अवलंबून आहे. पाठीवर पडलेल्या मुलाला थांबण्यासाठी दोनच सेंटिमीटर मिळाले, तर त्याच्या अंगावर सरासरीने त्याच्या वजनाच्या ५० पटींहून अधिक बल येते. १५ सेंटिमीटर मिळाले तर तेच बल आठपटींच्या आत राहते. पायांवर उतरणारा खेळाडू गुडघे आणि घोटे वाकवून थांबण्याचे अंतर स्वतः वाढवितो, म्हणून उडी नीट शिकलेला मुलगा कठीण जमिनीवरही तगतो. पाठीवर, खांद्यावर किंवा मानेवर पडणाऱ्याला ही सोय नसते. त्याच्यासाठी जे काही करायचे ते गादीनेच करायचे असते. शिकणारे मूल नेमके असेच पडते.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे, कारण खरेदीतल्या बहुतेक चुका त्यातून होतात. ‘उसळणारे’ आणि ‘मऊ’ ही दोन विशेषणे दुकानदार एकाच श्वासात उच्चारतो, पण त्यांची कामे परस्परविरुद्ध आहेत. उसळी देणारी जागा खेळाडूने दिलेली शक्ती परत करते. झेलणारी गादी ती शक्ती गिळून टाकते आणि परत करीत नाही. उडी घेताना पहिली हवी, उतरताना दुसरी. उतरण्याच्या ठिकाणी स्प्रिंगसारखी गादी ठेवली तर तोल सावरत असलेले मूल पुन्हा वर फेकले जाते. उडी घेण्याच्या ठिकाणी मऊ गादी ठेवली तर पाय रुततो, वेग मरतो, आणि हवेत पुरेशी उंची न मिळाल्याने अर्धवट फिरलेले शरीर डोक्यावर येते. अपघाताचे खापर मग मुलाच्या ‘भीती’वर फोडले जाते.

फार मऊ गादीचा आणखी एक दोष सांगायला हवा. तीत पाय खोल जातो आणि भोवतीचा फोम त्याला धरून ठेवतो. शरीर मात्र फिरत असते. गुडघा पिळवटला जाण्याचा हा राजमार्ग होय. म्हणून चांगल्या उतरणीच्या गादीत थर असतात: खाली घट्ट, वर तुलनेने मऊ, आणि सगळ्यांवर पाय सपाट राहील असा एक पातळ पण चिवट थर. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील उतरणीची गादी २० सेंटिमीटर जाडीची असते. ती दिसायला साधी असली तरी तिचे रहस्य जाडीत नसून या थरांत आहे. दोन गाद्या शेजारी ठेवताना त्यांच्यामधली फट हाही एक सापळाच. वेल्क्रोच्या पट्ट्यांनी त्या जोडलेल्या नसतील तर पाय बरोबर त्या फटीत जातो. अशी पट्टी लावण्याचे काम गल्लीतला शिंपीही करून देईल.

या खेळातील मापांचे महत्त्व किती असते याचे एक उदाहरण पुरेसे आहे. २००० सालच्या सिडने ऑलिंपिकमध्ये महिलांच्या वैयक्तिक सर्वसाधारण स्पर्धेच्या वेळी व्हॉल्टचे साधन पाच सेंटिमीटर कमी उंचीवर बसविले गेले होते. जगातल्या सर्वोत्तम मुली एकामागून एक चुकू लागल्या, आणि एका ऑस्ट्रेलियन खेळाडूने लक्ष वेधीपर्यंत ही चूक कोणाच्या ध्यानात आली नाही. पाच सेंटिमीटरने जर तेथे हा गोंधळ होतो, तर ‘अंदाजे चार इंच’ अशा वर्णनावर घेतलेल्या गादीने आठवीतल्या मुलाचे काय होत असेल याची कल्पना करावी. नियम बहुधा अपघातानंतर येतात, हे मात्र सगळीकडे सारखेच. १९८८ साली टोकियो येथे अमेरिकेच्या जुलिसा गोमेझ या तरुण खेळाडूचा पाय स्प्रिंगबोर्डवरून निसटला, तिचे डोके साधनावर आदळले आणि तिचे सर्व शरीर लुळे पडले. १९९१ मध्ये तिचा मृत्यू झाला. त्या प्रकारच्या उडीसाठी बोर्डाभोवती यू आकाराची संरक्षक गादी सक्तीची झाली ती त्यानंतर. त्या गादीची किंमत संपूर्ण साधनसामग्रीच्या मानाने नगण्य आहे.

आता गादीच्या पोटात काय असते ते पाहू. आपल्याकडच्या जुन्या शाळांतून आजही काथ्याने भरलेली, वर जाड कापड शिवलेली गादी सापडते. साध्या लोळण कोलांटीला ती वाईट नव्हे, पण काथ्या दबून त्याची ढेकळे होतात आणि मग तिच्यात खड्डे व उंचवटे तयार होतात. तिच्या जागी आता फोम आला आहे आणि ‘फोम’ या एका शब्दाखाली चार-पाच भिन्न वस्तू विकल्या जातात. पांढऱ्या रंगाचा, हलका, वस्तू बांधून पाठविण्यासाठी वापरतात तसला ईपीई फोम सर्वांत स्वस्त असतो. तो काही महिन्यांत चेपून जातो. एक्सएलपीई म्हणून ओळखला जाणारा बारीक बंद छिद्रांचा फोम पाणी शोषत नाही आणि पुष्कळ टिकतो. उडीच्या पट्ट्यासाठी आणि कसरतीच्या गालिच्याखाली तोच योग्य. जाड, खोल गाद्यांसाठी उघड्या छिद्रांचा पॉलियुरेथेन फोम लागतो. आणि फोमच्या तुकड्यांना गोंदाने दाबून बनविलेला ‘रीबॉन्डेड’ फोम घट्ट असल्याने खालच्या थराला उपयोगी पडतो. पण एकट्या त्याचीच गादी केली तर ती जमिनीपेक्षा फारशी दयाळू नसते. कराटेच्या वर्गांसाठी मिळणाऱ्या, कोड्यासारख्या एकमेकींत अडकणाऱ्या रंगीत ईव्हीए फरश्या तर या कामाच्या नव्हेतच. त्या स्वस्त आणि शोभिवंत असल्याने सर्रास अंथरल्या जातात, हा भाग वेगळा.

फोमची घनता म्हणजे एका घनमीटर फोमचे किलोग्रॅममधील वजन. बाजारात ‘बत्तीसची डेन्सिटी’, ‘चाळीसची डेन्सिटी’ असे बोलतात ते हेच. घनता म्हणजे कडकपणा नव्हे, पण एकाच प्रकारचे दोन फोम असतील तर कोणता अधिक काळ टिकेल हे घनतेवरून कळते. गंमत अशी की जी गोष्ट दुकानदार सांगत नाही ती तराजू सांगतो. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर जाड गादीत एक पंचमांश घनमीटर फोम मावतो. बत्तीस घनतेचा फोम असेल तर त्याचे वजन साडेसहा किलोच्या आसपास भरले पाहिजे. ते चारच किलो भरले तर घनता वीसच्या वर नाही. खोळीचे वजन वेगळे करून गावातल्या धान्याच्या दुकानातील काट्यावर ही तपासणी करता येते. शाळा दरवर्षी गाद्या घेतात; त्या वजन करून घेणारी शाळा विरळा.

उसळीच्या साधनांकडे वळले की खर्चाचे मान एकदम बदलते. स्पर्धेतील कसरतीचा मंच १२ मीटर लांब आणि तितकाच रुंद असतो. त्याच्या तळाशी स्प्रिंगा, त्यांवर प्लायवुडचे दोन थर, त्यांवर फोम आणि सर्वांत वर गालिचा अशी त्याची रचना असते. भोवतालची मोकळी जागा धरली तर त्याला मोठे दालनच लागते, आणि ते बहुतेक शाळांच्या आवाक्याबाहेर आहे. परंतु सरावासाठी चौकोनी मंच हवाच असे नाही. धावत येऊन कोलांट्यांची मालिका करायला एक लांब पट्टा पुरतो. चाळीस फूट लांब आणि आठ फूट रुंद पट्ट्याला प्लायवुडचे चार बाय आठचे दहा तक्ते एका थरासाठी लागतात. सांधे एकमेकांवर येऊ नयेत अशा बेताने दुसरा थर घातला तर आणखी दहा. खाली फुटाफुटावर स्प्रिंग किंवा घट्ट फोमचा ठोकळा बसविला तर असे सुमारे सव्वातीनशे ठोकळे होतात. हे काम समजूतदार सुतार आणि जाणकार प्रशिक्षक मिळून करू शकतात. अट एवढीच की प्लाय पाण्यात टिकणाऱ्या प्रतीचा असावा, वाळवीचा बंदोबस्त आधी व्हावा आणि दोन तक्त्यांमध्ये बोट जाईल एवढीही फट राहू नये.

गेल्या काही वर्षांत शहरांतल्या वर्गांतून हवेच्या पट्ट्यांचा, म्हणजे ‘एअर ट्रॅक’चा, बोलबाला झाला आहे. वरचे आणि खालचे कापड हजारो धाग्यांनी जोडलेले असल्याने हवा भरल्यावर हा पट्टा फुग्यासारखा गोल न होता सपाट राहतो. तो गुंडाळून रिक्षातून नेता येतो, हा त्याचा मोठाच गुण. हवा कमीजास्त करून उसळीही कमीजास्त करता येते. पण हवा कमी ठेवली तर वजनदार मुलाचा तळ लागतो, आणि पूर्ण भरली तर हलके मूल पट्ट्याच्या कडेवरून बाहेर फेकले जाते. म्हणून दोन्ही बाजूंना आणि विशेषतः शेवटी झेलणारी गादी नसलेला हवेचा पट्टा म्हणजे मोझॅकच्या फरशीकडे नेणारी घसरगुंडी आहे. घरगुती वापरासाठी विकले जाणारे दहा सेंटिमीटर जाडीचे पट्टे लहान मुलांपुरतेच ठीक होत.

उसळीच्या साधनांवर एक आक्षेप जुन्या प्रशिक्षकांकडून नेहमी घेतला जातो. मूल स्वतःच्या पायांत ताकद नसताना या पट्ट्यावर उलट्या उड्या मारू लागते आणि साध्या गादीवर आले की कोसळते, असे ते म्हणतात. आक्षेप निराधार नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत ही उसनी उसळी असते, आणि उसने घेतलेले कधीतरी फेडावे लागते. परंतु सगळी कर्जे वाईट नसतात. वाढत्या वयात मनगटाच्या हाडांची वाढ जेथे होते तो भाग नाजूक असतो, आणि कठीण जमिनीवर हातांचे शेकडो आघात दररोज झाले तर तो दुखावतो. ‘जिम्नॅस्टचे मनगट’ हा विकार वैद्यांना परिचित आहे. उसळत्या पट्ट्यावर तीच क्रिया कमी आघातात अधिक वेळा करता येते. म्हणजे पट्टा वापरायचा तो शिकण्याच्या मधल्या टप्प्यावर, आणि दर आठवड्याला मुलाला घट्ट जमिनीवर आणून त्याची खरी ताकद तपासत राहायचे. ट्रँपोलिनबाबत तर अधिकच सावधगिरी हवी. १९७७ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने शाळांतून ट्रँपोलिन हद्दपार करण्याची शिफारस केली होती. पुढे ती भूमिका काहीशी सैल झाली आणि २००० सालापासून ट्रँपोलिन हा ऑलिंपिकमधील क्रीडाप्रकारही झाला. पण एका वेळी एकच मूल आणि प्रशिक्षक समोर हजर, या दोन अटी पाळता येत नसतील त्या शाळेने ट्रँपोलिन मागवू नये.

परदेशी पुस्तकांत जे सहसा सापडत नाही ते पावसाळ्याबद्दल. जून ते सप्टेंबर या महिन्यांत कोकणात आणि मुंबईत फोम हवेतले पाणी पितो. उघड्या छिद्रांच्या फोमला बुरशी धरते, काही जातींचा पॉलियुरेथेन फोम दमटपणाने कालांतराने ठिसूळ होऊन त्याची पूड पडते, आणि ओलसर रेक्झिनवर अनवाणी पाय साबणावरून सरकावा तसा सरकतो. जाड गादीच्या बाजूंना हवा जाण्यासाठी जाळी नसेल तर मूल पडताच आतली हवा कोंडते आणि एक दिवस शिवण फाटते. गाद्या जमिनीवर टाकून ठेवल्या की खालून ओल आणि आतून उंदीर, असा दुहेरी हल्ला होतो. लाकडी फळ्यांच्या घोडीवर, भिंतीपासून चार बोटे दूर आणि विजेच्या बोर्डापासून त्याहून पुष्कळ दूर त्या ठेवाव्यात; फोम पेटला तर तो झपाट्याने जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. गादी एकट्याने ओढत नेण्याची सवय शिपायालाही असते आणि मुलांनाही. तळाची शिवण त्यानेच जाते.

आता खरेदीच्या रीतीकडे. सार्वजनिक पैशाने खरेदी करताना सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारणे हा सरळ मार्ग मानला जातो, आणि भ्रष्टाचाराच्या शंकेपासून अधिकाऱ्याला तो वाचवितो. पण हा नियम वस्तू नीट वर्णिलेली असेल तरच न्याय्य ठरतो. ‘जिम्नॅस्टिक्सची गादी, सहा बाय चार फूट, जाडी चार इंच, नग दहा’ एवढेच निविदेत लिहिले तर प्रामाणिक पुरवठादार हरणारच, कारण चार इंच ईपीई आणि चार इंच चांगला फोम हे दोन्ही या वर्णनात बसतात. समजा, एक गादी १०,००० रुपयांना मिळून दोन वर्षे टिकते आणि दुसरी १८,००० रुपयांना मिळून सहा वर्षे टिकते. पहिलीचा वार्षिक खर्च पाच हजार, दुसरीचा तीन हजार. निविदेच्या तक्त्यात मात्र पहिलीच स्वस्त दिसते. आणि हा हिशेबही अपुरा आहे, कारण त्यात घोट्याच्या प्लास्टरचा खर्च नाही. तो शाळेच्या वहीत येत नाही. तो पालकांच्या खिशातून जातो. ज्याने बचत केली तो एक आणि ज्याने किंमत मोजली तो दुसरा, अशी स्थिती असते तेथे बचतीला सीमा राहत नाही.

वाटपाची रीत याहूनही घातक आहे. तालुक्यातील पंचवीस शाळांना समान न्याय द्यायचा म्हणून प्रत्येकीला दोन-दोन पातळ गाद्या दिल्या की कोणाचीच तक्रार राहत नाही. पण काही वस्तू अशा असतात की त्यांचे तुकडे करून वाटले तर कोणालाच काही मिळत नाही. अर्धा पूल नदी ओलांडायला उपयोगी पडत नाही. दोन गाद्यांवर जिम्नॅस्टिक्स शिकविता येत नाही. प्रजासत्ताक दिनाला मनोरे रचता येतात, एवढेच. त्याच पन्नास गाद्यांच्या पैशात तालुक्याच्या एका ठिकाणी उसळता पट्टा, त्याच्या शेवटी जाड उतरणीची गादी आणि भोवती पुरेशा घट्ट गाद्या अशी एक तरी पुरी व्यवस्था उभी राहू शकते. पैसे कमी पडत असतील तर क्रम ठरलेला असावा. आधी झेलणारी गादी घ्यावी. मग लोळण व हातांवरच्या क्रियांसाठी घट्ट गाद्या घ्याव्यात, आणि उसळीचा पट्टा सर्वांत शेवटी आणावा. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो, कारण उद्घाटनाच्या छायाचित्रात उसळणारे मूल छान दिसते. पडणाऱ्या मुलाचे छायाचित्र कोणी काढीत नाही.

एकत्र व्यवस्थेवर आक्षेप येतो तो अंतराचा. पंचवीस शाळांतली मुले एका ठिकाणी आणायची कशी? आठवड्यातून दोन दुपारी, पाळीपाळीने, एसटीने आणता येतात. खेड्यांतील मुले माध्यमिक शाळेसाठी तशीच रोज ये-जा करतात. वर्षभराचा हा प्रवासखर्च मोजला तर तो त्या शाळेला मिळालेल्या दोन पातळ गाद्यांच्या किमतीहून फार अधिक भरत नाही. परंतु गाद्या ‘क्रीडासाहित्य’ या शीर्षाखाली घेता येतात. मुलांच्या सरावाच्या प्रवासाला शाळेच्या अंदाजपत्रकात शीर्षच नसते. जिल्ह्याच्या ठिकाणी बसून हे शीर्ष निर्माण करायला एका परिपत्रकापलीकडे काही लागत नाही, आणि नवी निविदा निघण्यापूर्वी ते काढता येईल.